बुडालेल्याच्या घरचा चहा

धुरपदाबाई भोई हिनं आजवर पीरतळ्यातून माणूस निघताना अडतीस वेळा पाहिलं. त्यातल्या सदतीस वेळा काठावरची माणसं रडली आणि निघालेलं माणूस गप्प होतं. एकदाच उलटं झालं. निघालेलं लेकरू रडलं आणि काठावरची माणसं गप्प झाली. त्या एका वेळी पाण्यात धुरपदाबाई स्वतः होती.

नळदुर्गहून जळकोटकडे जाताना हायवे सोडून दीड-दोन मैल आत गेलं, की हे तळं लागतं. एका काठाला पिराचा दर्गा. त्याच्या दगडी पायऱ्या सरळ पाण्यात उतरतात, किती खाली जातात ते फक्त भोयांनाच माहीत. समोरच्या काठाला भोईवाडा, बावीस घरं. तळ्याची मासळी धरायची, नळदुर्गच्या आणि जळकोटच्या बाजारात विकायची, आणि तळ्यात कुणी बुडालं की त्याला काढायचं, ही त्यांची कामं. तिसऱ्या कामाला कुणी काम म्हणत नसे. पोलिसांचा माणूस मोटारसायकलवर यायचा आणि गोरोबाच्या दारात उभा राहायचा. गोरोबा म्हणजे धुरपदाबाईचा नवरा. हातातली भाकरी तशीच ठेवून तो उठायचा. पंचक्रोशीत त्याच्याइतका दम कुणाचा नव्हता. त्या दमापायी त्याचे दोन्ही कान गेले.

युसरा पडली तो गुरुवार होता. गोरोबा कान दाखवायला सोलापूरला गेला होता, बाकीचे गडी तराफे घेऊन तळ्याच्या पार वरच्या टोकाला जाळं ओढत होते. धुरपदाबाई मासळीची पाटी घेऊन दर्ग्याच्या वाटेवर बसली होती. नळदुर्गच्या गफार मास्तरांची सून निखत फातिहा द्यायला आली होती, बरोबर सहा वर्षांची पोरगी युसरा. निखत ओढणी सावरायला एकदा मागं वळली, तेवढ्यात पोरगी शेवाळलेल्या पायरीवरून गेली. आवाजसुद्धा झाला नाही.

धुरपदाबाईला त्यानंतरचं फार थोडं आठवतं. कासोटा घट्ट केलेला आठवतो. पाण्याखालची सातवी पायरी मधोमध तुटलेली आहे, तिथं जे अडकतं ते अडकूनच राहतं, असं सासूनं कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतं, ते आठवतं. हाताला वेणी लागली. ती वेणी धरून ती वर आली, पोरीला पालथी घातली, पाठीवर थापा मारल्या, पाणी निघालं, आणि मग ते रडणं. बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभं राहिल्यावर जसं ऐकू येतं, अगदी तसं.

त्या दिवशी घरी येऊन तिनं ओलं लुगडं दांडीवर टाकलं आणि सासूच्या फोटोपुढं हात जोडले. म्हणाली, "आत्याबाई, तुमच्या पायरीनं लेकरू दिलं."

पुढच्या बाजाराच्या दिवशी निखत तिला शोधतच मासळीबाजारात आली. पाटी शेजारणीवर सोपवायला लावली, हाताला धरून घरी नेलं. गफार मास्तर उर्दू शाळेतून निवृत्त झालेले, पांढरी दाढी, जाड भिंगाचा चष्मा. ते उठून उभे राहिले. निखतनं कपाटातल्या चांगल्या कपबशा काढल्या, दुधाचा चहा केला, ताटलीत खारी ठेवली, आणि हातातली एक बांगडी काढून चहाशेजारी ठेवली.

धुरपदाबाई उंबऱ्याजवळ बसली होती. तिनं हात जोडले.

"बांगडी न्हाय बाई."

"बरं, बांगडी नको. चहा तरी घ्या मावशी."

"चहाबी न्हाय."

"पाणी?"

"पाणीबी न्हाय. पोरगी बरी हाय न्हवं? बास मग. येते म्या."

निखतच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते धुरपदाबाईला दिसलं. मुसलमानाच्या घरचं पाणी न पिणारी बाई निखतनं आधीही पाहिली असणार. कॉलेजात शिकलेली पोर, बी.ए. झालेली, तिला अर्थ लावायला वेळ लागला नाही. पण तो अर्थ खोटा होता, आणि खरा अर्थ सांगायची सोय नव्हती.

कारण भोईवाड्याची रीत अशी होती, की ज्या घरचं माणूस तळ्यातून काढलं, त्या घरचं काही घ्यायचं नाही. पैसा नाही, कापड नाही, घोटभर पाणीसुद्धा नाही. आणि का घेत नाही तेही सांगायचं नाही, कारण सांगितलं की ते मागितल्यासारखंच होतं. ही रीत कुणी घातली, कशापायी घातली, कुणालाच ठाऊक नव्हतं. धुरपदाबाई सोळाव्या वर्षी लग्न होऊन आली तेव्हा सासूनं चूल, जाळं आणि ही रीत अशा तिन्ही गोष्टी एकाच दिवशी तिच्या हवाली केल्या होत्या.

मग दोन वर्षं असं चाललं, की निखत बाजारात येई, धुरपदाबाईकडूनच मासळी घेई (विकलेल्या मासळीचे पैसे घ्यायला रीत आड येत नव्हती), भाव करत नसे, सलाम करी. पण 'घरी या' असं पुन्हा कधी म्हणाली नाही. पोरगी बरोबर असली तर तिचा हात इतका घट्ट धरलेला असे, की पोरगी म्हणे, "अम्मी, हात दुखतोय." त्या गुरुवारनंतर निखत पाण्याला भ्याली होती. न्हाणीतली बादलीसुद्धा ती पालथी घालून ठेवते, असं शेजारणी सांगत. धुरपदाबाईला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. तिच्या मनात एकच कुसळ राहिलं होतं, त्या पोरीच्या आईचा गैरसमज. ते काढता येत नव्हतं.

अशात तळ्याचा लिलाव निघाला.

मासेमारीचा ठेका पाच वर्षांसाठी बोली लावून द्यायचा, असा कागद पंचायतीच्या भिंतीला चिकटला. बोली लावायला बाहेरचा एक बडा ठेकेदार तयार होता. त्याची माणसं येऊन तळं बघून गेली. जाताना भोईवाड्यात थांबून म्हणाली, "तुम्हाला काढणार नाही. रोजानं ठेवू की." ज्या पाण्यावर आजे-पणजे गेले, त्या पाण्यावर रोजानं. 

भोयांकडे एक कागद होता. पितळेच्या नळीत, मेणकापडात गुंडाळलेला. गोरोबाच्या घरात तो पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला. त्यात काय लिहिलंय हे वाचणारं कुणी नव्हतं, पण तळं आपलं आहे ते या कागदानं, एवढं सगळ्यांना माहीत. खंडेनवमीला जाळी, गळ, कोयते यांची पूजा झाली, की शेवटी कागद काढायचा, पाटावर ठेवायचा, आणि घरच्या सुनेनं त्याला हळदकुंकू वाहायचं. हे काम एक्केचाळीस वर्षं धुरपदाबाई करत आली होती. कागदाच्या डोक्याशी एक गोल होता. देवाचं तोंड तेच असणार म्हणून हळदकुंकू नेहमी तिथंच.

अणदूरच्या शिवांजली वकीलबाईंनी खटला घेतला. वय तिशीच्या आतलं, आवाज मोठा, स्कूटरवर फाइली बांधून यायच्या. तालुक्याच्या दिवाणी कोर्टात त्यांनी कागद दाखल केला. पहिल्याच तारखेला ठेकेदाराच्या वकिलानं तो हातात घेतला, उलटासुलटा केला, कुंकवाचा थर नखानं टोचला. त्याचा टवका टेबलावर पडला.

"साहेब," तो जजना म्हणाला, "हा कागद आहे की देव? शिक्का इथं असावा, असं म्हणतात. इथं तर शेंदूर फासलेला म्हसोबा दिसतोय."

लोक हसले. जजसाहेबसुद्धा जरासे हसले आणि मग खाली बघू लागले.

वकील पुढं म्हणाला, "आणि समजा शिक्का निघालाच. हा मुलूख निजामानं अठराशे त्रेपन्नच्या तहात इंग्रजाला लावून दिला आणि साठ साली इंग्रजानं परत केला. मधल्या सात वर्षांत कुणा साहेबानं काही लिहून दिलं असेल, तर साहेब गेला, त्याचा शब्द गेला. पुढं निजामही गेला. एका मेलेल्या सरकारनं दिलेलं वचन, दुसऱ्या मेलेल्या सरकारच्या मुलखात, आज तिसऱ्या सरकारनं का पाळावं?"

धुरपदाबाईला तहाचं काही कळलं नाही. टवका मात्र दिसला. तिच्या हाताचा होता तो. जजसाहेबांनी कागदाचं भाषांतर आणायला सांगितलं, तोवर लिलाव थांबवला, पुढची तारीख दिली. पण जीपमधून परतताना तिच्या डोळ्यांपुढून तो टवका हलेना.

"ज्याला देव म्हणून पुजलं त्याचेच डोळे म्या बुजवले," ती म्हणाली.

गोरोबाला ऐकू येत नसे, पण बायकोच्या ओठांवरून त्याला सगळं कळे. तो मोठ्यानं म्हणाला, कारण हळू बोलणं त्याला आता जमत नव्हतं, "आगं, तुझ्या एकटीचं कुकू न्हाय ते. माझ्या आईचं हाय, तिच्या सासूचं हाय. साऱ्या जणी मिळून तिथं बसल्यात. त्यास्नी उठवायची हिंमत वकिलाच्या बापात न्हाय."

जीपमधली माणसं हसली. धुरपदाबाईही हसली, पण अर्धीच.

वकीलबाई म्हणाल्या, "लिपी फारसी दिसतेय. नळदुर्गात जुनी फारसी वाचणारं कोण आहे?"

सगळ्यांनी एकच नाव घेतलं. गफार मास्तर.

म्हणजे पुन्हा तोच उंबरा. धुरपदाबाई दोन दिवस टाळत राहिली. तिसऱ्या दिवशी नळी पदराखाली धरून गेली. दार निखतनंच उघडलं. "या मावशी," म्हणाली, बाजूला झाली. आवाजात आदर होता, ओल नव्हती.

मास्तरांनी ओसरीवर स्वच्छ चादर अंथरली, हात धुतले, पुसले, आणि मगच कागद घेतला. कुंकवाच्या थराला बोट लावलं नाही.

"हे आपण खरवडायचं नाही बाई," ते म्हणाले. "खाली काय निघेल अल्ला जाने, पण वरचं तर जाईल. बाकीचं वाचू या तर."

तीन रविवार लागले. अक्षर शिकस्ता, म्हणजे घाईनं मोडून लिहिलेलं, शब्दात शब्द अडकलेला. मास्तर भिंग फिरवायचे, एक ओळ पुटपुटायचे, मान हलवायचे, पुन्हा पहिल्यापासून. निखत शेजारी वही घेऊन बसे आणि ते सांगतील तसं मराठीत उतरवी. धुरपदाबाई समोर. वाचणं कळत नसलं तरी उठून जावं असं तिला वाटत नसे. आपल्या घरातल्या माणसाचं कुणी ऑपरेशन करत असावं, तशी ती बसून राही.

दुसऱ्या रविवारी सन लागला. बाराशे अडुसष्ट.

"मी याला हिजरी समजून बसलो होतो," मास्तर म्हणाले. "हिजरी धरलं तर इंग्रज अजून आलेलेच नाहीत, आणि सही तर इंग्रज साहेबाची. मग कागद खोटा ठरायचा. पण बघा, इथं कोपऱ्यात फसली लिहिलंय. महसुलाचा सन. त्यात पाचशे नव्वद मिळवा. अठराशे अठ्ठावन्न. इंग्रज इथंच होते तेव्हा."

निखतनं ते वहीत दोनदा लिहिलं.

तिसऱ्या रविवारी शेवटच्या चार ओळी राहिल्या होत्या. मास्तर सांगत गेले आणि निखत लिहीत गेली, "पीरतळ्याची मासळी भोयांस वंशपरंपरा दिली आहे. त्याबद्दल त्यांजकडून सारा घेणे नाही. मात्र तळ्यात जो कोणी बुडेल, हिंदू असो वा मुसलमान, रयत असो वा सरकारी माणूस, त्यास भोयांनी काढावे, आणि त्याच्या घरून..."

मास्तर थांबले. भिंग जवळ नेलं.

"... त्याच्या घरून कवडी, कापड, अन्न, पाणी काहीही घेऊ नये. घेतल्यास हा हक्क रद्द समजावा."

वहीवरचा पेन थांबला.  निखतनं मान वर केली.

"मावशी, म्हणून त्या दिवशी..."

धुरपदाबाईनं मान हलवली. कागदात असं लिहिलंय हे तिलाही त्याच क्षणी कळत होतं. इतक्या वर्षांची ती रीत, सासूनं दिलेली, तिच्या सासूनं तिला दिलेली, ही या नळीत होती, आणि ती वाचता येत नसतानाही कुणी मोडली नव्हती.

"मी दोन वर्षं तुमच्याबद्दल मनात..." निखतचं वाक्य पुरं झालं नाही.

"मला ठावं हाय."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर मागितल्यावानी झालं असतं, बाई."

निखत उठून आत गेली. बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला. मास्तरांनी चष्मा काढून दाढीच्या टोकानं पुसला, जे त्यांनी एरवी कधी केलं नसतं. धुरपदाबाईला वाटलं, कागद हरला तरी चालेल आता. लगेच बावीस घरं आठवली आणि तिनं ते वाटणं मागं घेतलं.

शिवांजली वकीलबाईंनी वही वाचली, पुन्हा वाचली, आणि स्कूटरच्या सीटवर बसूनच गोरोबाला विचारलं, "काका, कुणी बुडालं तर पहिल्यांदा कोण येतं तुमच्याकडं?"

धुरपदाबाईनं प्रश्न ओठांनी सांगितला.

"पोलीस येत्यात," गोरोबा ओरडला.

"नेहमी?"

"मग काय जावाई येतोय?"

वकीलबाई हसल्या नाहीत. "म्हणजे साहेब गेला, निजाम गेला, तरी जो आला त्या प्रत्येक सरकारनं तुम्हाला कामाला बोलावलं. करारातलं तुमचं अर्धं सगळ्यांनी वसूल केलं. मग त्यांचं अर्धं कुठं जाईल?"

"तेच म्हणतोय म्या," गोरोबा म्हणाला, जरी तो आधी तसं काही म्हणाला नव्हता. "बुडालेल्याला काढायला कागद जिता आन् मासळीला मेला, असं कसं?"

वकीलबाईंनी हे वाक्य फाइलीवर लिहून घेतलं.

बोलावल्याचा पुरावा हवा होता. तो शांतलिंग हवालदारांकडून आला. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, जळकोटला शेती बघायचे. वकीलबाई आणि धुरपदाबाई त्यांच्या गोठ्याजवळ उभ्या राहिल्या. ते म्हणाले, "अहो, मीच कितीदा गाडी पिटाळली भोईवाड्यात. आणि पंचनाम्याच्या शेवटी एक ओळ ठरलेली असायची. 'भोई इसमांनी प्रेत बाहेर काढले, मोबदला घेतला नाही.' आमच्या जुन्या साहेबांनी शिकवलेलं. नंतर कुणी खर्चाचं बिल लावू नये म्हणून."

"बिल लागू नये म्हणून?" धुरपदाबाईनं विचारलं.

"मग? सरकारी लिखाण कशासाठी असतं बाई?"

असल्या सव्वीस पंचनाम्यांच्या नकला निघाल्या. सगळ्यांची शेवटची ओळ एकच. बिलापायी लिहिलेली ओळ बावीस घरांच्या कामी आली, याबद्दल धुरपदाबाई अजूनही त्या न पाहिलेल्या जुन्या साहेबांचं नाव घेते.

साक्षीच्या दिवशी ती कोर्टाच्या आवारात शिरली आणि थबकली. कडुनिंबाखाली माणसं उभी होती. वीस-पंचवीस असतील. कुणी बोलावलं नव्हतं. धुरपदाबाई त्यातल्या बहुतेकांना नावानं ओळखत नव्हती, ती त्यांना त्यांच्या गेलेल्या माणसांवरून ओळखत होती. ही ती बाई, जिचा भाऊ उरसाच्या रात्री गेला. हे महांतप्पा, ज्यांचा लेक बारावीचा निकाल लागल्यावर पोहायला आला होता. ती दोघं म्हातारा-म्हातारी, ज्यांच्या नातीला काढायला गोरोबाला चार बुड्या माराव्या लागल्या आणि त्यात त्याचा दुसरा कान गेला. काही द्यायला गेलं तर भोई घेत नाहीत, हे ही माणसं वर्षानुवर्षं पाहत आली होती. आज देण्याजोगं काहीतरी सापडलं होतं, म्हणून आली होती. निखत त्यांच्यातच होती, पोरीचा हात धरून. भोईवाड्याचं काय चाललंय ते बाजारात, दर्ग्यावर, शाळेच्या फाटकापाशी तिनंच सांगत नेलं होतं, हे धुरपदाबाईला नंतर कळलं.

महांतप्पा पुढं आले, म्हणाले, "काही बोलत नाही आम्ही. नुसतं उभं राहतो."

धुरपदाबाईला पिंजऱ्यात उभं केलं. शपथ झाली. ठेकेदाराचा वकील उठला. या वेळी तो हसत नव्हता, उलट गोड बोलत होता.

"बाई, तुम्ही माणसं काढता, फार मोठं काम आहे. आम्हीही हात जोडतो. पण ते तुम्ही माणुसकीनं करता, बरोबर?"

"व्हय."

"एखाद्याला पोहता येतं, समोर कुणी बुडतंय, तो उडी मारतो. त्यात कागद कुठं आला? हक्क कुठं आला? माणुसकीच ना?"

धुरपदाबाईनं जरा विचार केला. मागं निखत बसली होती, तिच्याकडं तिची नजर गेली.

"माणुसकी हायच साहेब," ती म्हणाली. "पण नुसत्या माणुसकीनं काढलं असतं, तर चहा पिले असते."

 जजसाहेबांनी पेन खाली ठेवला.

"म्हणजे काय बाई? नीट सांगा."

तिनं सांगितलं. लेकराची वेणी, मासळीबाजार, चांगल्या कपबशा, बांगडी. उंबऱ्यावरून न पिता उठणं. "त्या घरची पोर म्या काढली, जिती काढली. आई हात धरून घरी नेती, चहा म्होरं करती. माणुसकी म्हणती, पी. पिला न्हाय तर त्या माउलीला काय वाटंल, त्ये मला दिसत हुतं साहेब. तरी उठले. तवा मला कागदात काय लिवलंय ठावं नव्हतं. सासूनं सांगितल्यालं ठावं हुतं. माणुसकीला अशी अट नसती. करारालाच असती."

 जजसाहेबांनी विचारलं, "ज्या घरची मुलगी, ते कुणी इथं आहे का?" निखत उभी राहिली. पुढच्या तारखेला तिचीही साक्ष झाली, मास्तरांचीही. मास्तरांनी फसली आणि हिजरी असं काही समजावलं, की स्टेनोग्राफरनं दोनदा "गुरुजी, सावकाश" म्हटलं.

निकाल माघ सरता सरता लागला. शिक्का शेवटपर्यंत वाचता आला नाही. जजसाहेबांनी लिहिलं, की शिक्का दिसत नसला, तरी कागदातली अट पिढ्यान्‌पिढ्या पाळलेली दिसते, ती पाळून घेणारे सरकारी पंचनामेही दिसतात. ज्या सरकारनं त्या कराराचा लाभ आजवर घेतला, त्याला तो करार नाकारता येणार नाही. पीरतळ्यावरचा भोयांचा मासेमारीचा हक्क मान्य. लिलाव रद्द. वर अपील होऊ शकतं, वकीलबाईंनी हेही सांगितलं, आणि ठेकेदार ते करील असं दिसतंय. पण त्या दिवशी भोईवाड्यात त्याचा विषय कुणी काढला नाही. गोरोबानं वकीलबाईंना हातभर लांब मरळ मासळी दिली. वकीलबाईंनी ती स्कूटरच्या हँडलला अडकवून नेली.

चार दिवसांनी निखत भोईवाड्यात आली. मास्तर रिक्षात बसून होते, युसरा बरोबर. निखतच्या हातात काही नव्हतं. तिनं रीतच पाळली होती.

"मावशी," ती म्हणाली, "तुम्हाला आमच्या घरचं घेता येत नाही. आम्हाला तुमच्या घरचं घेता येतं की नाही? कागदात काय लिहिलंय?"

 इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

"त्यात त्याचं कायबी न्हाय," धुरपदाबाई म्हणाली.

"मग भूक लागलीय."

चुलीवर मरळीचं कालवण होतंच. ज्वारीच्या भाकरी टाकल्या. मास्तरांना रिक्षातून उतरवलं. तिघं पाटावर बसली. निखतनं दोनदा वाढून घेतलं, तिखटानं नाक ओढत. मास्तर प्रत्येक काटा नीट काढून नातीच्या ताटात मासळी ठेवत होते. गोरोबा म्हणाला, "लई दिसांनी घरात पाव्हणा जेवला," आणि त्याच्या आवाजानं शेजारची कोंबडी उडाली. धुरपदाबाई चुलीपुढं बसून त्यांना जेवताना बघत होती. आपल्याला द्यायला मिळालं, हे सुख घेण्यापेक्षा वेगळं नसतं, असं तिला वाटलं. कदाचित कागद लिहून देणाऱ्या त्या इंग्रज साहेबालाही हे ठाऊक नसावं.

हात धुतल्यावर निखत जरा वेळ पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "आणखी एक मागायचं होतं. हिला पोहायला शिकवाल?"

"तू बादली पालथी घालून ठेवतीस म्हणं."

"ठेवते." निखतनं लपवलं नाही. "अजूनही ठेवते. रोज सकाळी ही शाळेत जाते तेव्हा वळणाआड होईपर्यंत मी दारातून हलत नाही. पण किती ठिकाणी मी हात धरून राहू? आणि प्रत्येक पायरीजवळ तुम्ही बसलेल्या असाल का?"

धुरपदाबाईनं अडगळीतून दोन वाळके भोपळे काढले. तिच्या नणंदा, पुतण्या, सगळ्या पोरी यांवरच शिकल्या होत्या. दोरी तपासली, गाठ ओढून बघितली, युसराच्या पाठीला बांधली. भोईवाड्याच्या बाजूला तळं उथळ होतं, तळाशी वाळू. पोरीनं पाण्यात पाय घातला, काढला, पुन्हा घातला.

"थंडाय दादी."

"थंडच असतंय. आत गेल्याबिगर ऊब न्हाय येत."

ती पोरीच्या पोटाखाली हात देऊन गुडघाभर पाण्यात उतरली. पोरगी हातपाय मारू लागली, पाणी उडालं, भोपळे हलले. काठावर निखत उभी होती, दोन्ही हात पुढं धरलेले, पाणी तिच्या चपलांपर्यंत आलं होतं आणि तिच्या ध्यानात नव्हतं.

"मावशी, सोडू नका हां."

"न्हाय सोडत."

दहाएक हात पुढं गेल्यावर धुरपदाबाईनं हात काढून घेतला. निखतला दिसेल असाच, वर करून. युसरा त्या हाताकडंच बघत पाय मारत राहिली, भोपळ्यांच्या आधारानं, वेणी पाण्यावर तरंगत.  निखतनं हळूच आपले पुढं धरलेले हात खाली घेतले, आणि चपला काढून पाण्यात उभी राहिली.